‘फ्रँकेन्स्टाइन’ एका रात्रीत लिहून झाली नव्हती

किशोरांसाठी भुताखेतांच्या गोष्टी लिहू पाहणाऱ्यांना हमखास ऐकवलं जातं: इंग्रज लेखिका मेरी शेलीला वयाच्या १८व्या वर्षी स्वप्न पडलं आणि तिने एका रात्रीत ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही भयकादंबरी लिहून काढली. हे खरं नाही, आणि नवख्यांचा धीर खचवणारं आहे. जून १८१६मध्ये जिनिव्हा सरोवराकाठी कवी बायरनने प्रत्येकाने भूतकथा लिहायची टूम काढली, तेव्हा तिला काहीच सुचेना. ‘सुचली का गोष्ट?’ याला रोज सकाळी ‘नाही’च म्हणावं लागे, असं तिनेच १८३१च्या प्रस्तावनेत लिहिलंय. मग निर्जीवात प्राण येईल का, यावरच्या गप्पा ऐकून अंथरुणात तिला दृश्य दिसलं. पण एकच! कादंबरीत निर्जीव देहात प्राण येतो, नोव्हेंबरच्या त्या उदास रात्रीपासून तिने सुरुवात केली. १८३१च्या आवृत्तीत ती थेट पाचव्या प्रकरणात येते. उरलेलं लिहिता लिहिता १८१७ उजाडलं. खाडाखोडीची हस्तलिखितं ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत.