टो फ्लाइट टेस्टिंग (विमानामागे ओढलेल्या यानाची स्थिरता चाचणी)

विमानाच्या मागे दोर बांधून दुसरं यान ओढत न्यायचं आणि ते दोरावर सरळ राहतं की हेलकावे खातं हे प्रत्यक्ष उडवून बघायचं, ते म्हणजे टो फ्लाइट टेस्टिंग. ग्लायडरवाल्यांचं हे रोजचंच काम, पण यानाला पंखच नसले किंवा ते भलतंच जड असलं की सगळं अवघड होतं. हूक गुरुत्वमध्याच्या किती पुढे-खाली आहे, दोर किती लांब आहे, पुढच्या विमानामागे हवेचे भोवरे किती आहेत, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं.

यातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे नासाचं एम२-एफ१. नासाचे इंजिनिअर डेल रीड यांच्या डोक्यातून निघालेलं, स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा आणि वर प्लायवूडचं कवच, पंख नाहीतच. कॅलिफोर्नियात एडवर्ड्सच्या हवाई तळाला कोरड्या तळ्याच्या पात्रावर आधी चक्क पाँटियाक गाडीने ओढलं. ५ एप्रिल १९६३ ला पायलट मिल्ट थॉम्पसननी नाक उचललं तर यान डावी-उजवीकडे उड्या मारायला लागलं, मग ते नासाच्याच एम्स केंद्राच्या विंड टनेलमध्ये (वाऱ्याच्या झोतात चाचणी घ्यायचा मोठा बोगदा) नेऊन तपासलं, कंट्रोल बदलले. १६ ऑगस्ट १९६३ ला सी-४७ विमानामागे पहिलं उड्डाण झालं, साधारण १२,००० फुटांवर दोर सोडून खाली यायला जेमतेम दोनेक मिनिटं!

खरा धोका दिसला तो १९६५ च्या जुलैत. पायलट जेरी जेंट्री पहिल्यांदाच विमानाच्या टोवर (दोरामागे) होते, जमीन सोडताच यान डावी-उजवीकडे लोळायला लागलं, प्रत्येक झोला आधीपेक्षा मोठा, शेवटी उलटंच झालं. त्यांनी दोर सोडला, उरलेला रोल (स्वतःभोवतीची गिरकी) पूर्ण केला आणि सुखरूप उतरले. (काय काळीज असेल माणसाचं!) कारण असं की अशा यानाचं नाक जरा बाजूला सरकलं तरी ते जोरात कलतं, आणि तो कल शमवायला पंख नसतात, त्यात पायलट उशिराने सावरायला गेला की झोला आणखी वाढतो. १९६६ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्याच हातून पुन्हा तेच झालं, तेव्हा मात्र एम२-एफ१ कायमचं जमिनीवर ठेवलं. तोवर गाडीने ४०० च्या वर आणि विमानाने ७७ टो झाले होते.

पुढे नासाच्या एक्लिप्स प्रकल्पात एफ-१०६ हे खरंखुरं फायटर सी-१४१ या मालवाहू विमानाच्या मागे, जवळजवळ १,००० फूट वेक्ट्रानच्या (एक मजबूत कृत्रिम धागा) दोराने ओढलं. पायलट मार्क स्टकी, डिसेंबर १९९७ ते फेब्रुवारी १९९८ मध्ये ६ उड्डाणं. पुढच्या विमानाचे भोवरे चुकवायला एफ-१०६ मुद्दाम खालच्या पातळीवर ठेवत. पुढेमागे रॉकेट-यान असंच बोइंग ७४७ ने ओढत वर न्यायचं, असा केली स्पेस कंपनीचा बेत होता.