परभाषी वाहिन्यांसाठी घरगुती उपग्रह तबकडी

परदेशातून किंवा परक्या भाषेत होणारे दूरचित्रवाणी प्रक्षेपण केबलचालक अथवा डीटीएच कंपनी यांच्या मध्यस्थीशिवाय थेट उपग्रहावरून घेण्यासाठी घराच्या गच्चीवर, अंगणात किंवा सज्जात जी अन्वस्ताकार तबकडी बसवली जाते, तिला घरगुती उपग्रह तबकडी म्हणतात. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत तिला छत्री म्हणण्याचा प्रघात आहे. तबकडी, तिच्यावर पडलेले संकेत जिथे एकवटतात त्या केंद्रापाशी बसणारा एलएनबी हा संकेतग्राहक, समाक्ष केबल आणि संकेत उलगडणारा रिसीव्हर एवढीच सामग्री त्यासाठी लागते. यांतील कोणत्याही वस्तूला भाषेशी कर्तव्य नसते. कोणती भाषा घरात येणार हे ठरते ते तबकडीचे तोंड कोणत्या उपग्रहाकडे आहे आणि त्या उपग्रहाचा झोत आपल्या गावावर पडतो की नाही, या दोन गोष्टींवरून.

दूरचित्रवाणीचे बहुतेक उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या परिवलनाइतक्याच गतीने फिरतात आणि म्हणून जमिनीवरून पाहता ते एका जागी स्थिर असतात. प्रत्येकाची जागा रेखांशाने सांगितली जाते. उपग्रहावरील अँटेना आपली शक्ती सर्वत्र सारखी उधळत नाही. ज्या देशांतील प्रेक्षकांसाठी वाहिनी चालवली जाते त्या प्रदेशावर झोत एकवटलेला असतो. या क्षेत्राला तंत्रज्ञ ‘बीम’ किंवा ‘फूटप्रिंट’ म्हणतात. क्षेत्राच्या मध्यावर लहान तबकडी पुरते, कडेला तीच मोठी घ्यावी लागते आणि क्षेत्राबाहेर घरगुती आकाराच्या कोणत्याही तबकडीचा उपयोग होत नाही. परभाषी वाहिन्यांचा शोध घेणारा प्रेक्षक बहुधा दुसऱ्यांसाठी सोडलेल्या झोताच्या कडेवर उभा असतो. म्हणून खरेदीआधी बीमचा नकाशा पाहणे हेच या कामातील सर्वांत शहाणपणाचे पाऊल होय.

भारतात उपग्रहावरून थेट ग्रहणाचा पहिला मोठा प्रयोग १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाच्या साहाय्याने झाला. त्यात सुमारे २,४०० खेड्यांत जाळीच्या तबकड्या बसवल्या होत्या. तो शासकीय आणि शैक्षणिक उपक्रम होता. परदेशी वाहिन्या घराघरांत आल्या त्या एशियासॅट-१ मुळे. एप्रिल १९९० मध्ये चिनी अग्निबाणाने सोडलेला हा उपग्रह १०५.५ अंश पूर्व रेखांशावर होता आणि त्याच्या दक्षिण झोतात भारतीय उपखंड येत होता. हाँगकाँगच्या स्टार टीव्हीने १९९१ मध्ये त्यावरून वाहिन्या सुरू केल्या आणि केबलचालकांनी गच्च्यांवर मोठाल्या छत्र्या उभारल्या. पुढे, नोव्हेंबर १९९५ मध्ये सोडलेल्या एशियासॅट-२ वरून १००.५ अंश पूर्व येथे युरोपीय वाहिन्यांचा एक संच कोणत्याही सांकेतिक कुलुपाशिवाय येऊ लागला. जर्मनीची डॉइशे वेले, इटलीची राई इंटरनॅशनल, स्पेनची टीव्हीई आणि पोर्तुगालची आरटीपी इंटरनॅशनल या वाहिन्या त्या एकाच ट्रान्सपाँडरवर (उपग्रहावरील संकेत घेऊन परत पाठवणाऱ्या यंत्रावर) होत्या. म्हणजे १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमलाखाली असलेल्या गोव्यात, जिथे जुन्या पिढीतील काही घरांत पोर्तुगीज भाषा टिकून होती, तिथे लिस्बनची वाहिनी मध्यस्थाविना, केवळ अंगणातील तबकडीवर घेता येत होती.

हा संच सी पट्ट्यात होता. सी पट्टा साधारण ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झचा आणि केयू पट्टा १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झचा मानला जातो. सी पट्ट्याची तरंगलांबी सुमारे साडेसात सेंटिमीटर, तर केयू पट्ट्याची अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. तबकडीची पकड तिच्या व्यासात किती तरंगलांब्या मावतात यावर अवलंबून असल्याने आठ फुटी सी पट्टा तबकडी आणि ८० सेंटिमीटरची केयू तबकडी यांच्या झोताची, म्हणजे तबकडीला एका वेळी दिसणाऱ्या आकाशाच्या तुकड्याची, रुंदी जवळजवळ सारखीच, दोन अंशांच्या थोडी वर भरते. लहान तबकडी लावायला सोपी असते हा समज त्यामुळे फसवा ठरतो; दोन्हींत चुकीला तेवढीच थोडी जागा असते. सी पट्ट्याचा फायदा असा की तबकडी सच्छिद्र पत्र्याची किंवा जाळीची चालते आणि कोकणातल्या पावसाळी वाऱ्यात हा गुण फार मोलाचा असतो.

उभारणीची सुरुवात खांबापासून होते. खांब ओळंब्यात नसेल तर पुढची सगळी मापे खोटी पडतात, कारण तबकडी आडवी फिरवली की तिचा उंचीचा कोनही बदलत जातो. पाण्याच्या टाकीच्या कठड्याला तारेने बांधलेले खांब पुष्कळ दिसतात आणि त्यांच्या मालकांची तक्रारही ठरलेली असते की पहिल्या वादळानंतर चित्र गेले. खांब सिमेंट काँक्रीटमध्ये रोवून, दोन काटकोनी बाजूंनी पाणसळ लावून तपासावा. त्यानंतर दोन कोन लागतात, एक क्षितिजापासूनच्या उंचीचा आणि दुसरा उत्तरेपासून उजवीकडे मोजलेला दिशेचा. मुंबईहून १०५.५ अंशांवरील उपग्रह सुमारे ११७ अंश दिशेला आणि ४७ अंश उंचीवर असतो, १००.५ अंशांवरील उपग्रह १२२ अंश दिशेला आणि ५१ ते ५२ अंश उंचीवर. पणजीहून हा दुसरा उपग्रह ११८ अंश दिशेला आणि ५४ अंशांवर सापडतो. स्टारसाठी लावलेली मुंबईतील तबकडी युरोपीय संचाकडे वळवायची तर ती दक्षिणेकडे सरकवून शिवाय पावणेपाच अंश वर उचलावी लागे. नुसती बाजूला ढकलून भागत नसे. होकायंत्र लोखंडी खांबाला चिकटून धरल्यास सुई भरकटते, म्हणून वाचन चार पावले दूर उभे राहून घ्यावे.

सुटे भाग जोडून तयार केलेल्या गोल तबकडीत केंद्राचे अंतर पडताळणे आवश्यक असते. तबकडीच्या काठावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून मधोमध खोली मोजतात. व्यासाच्या वर्गाला खोलीच्या सोळापटीने भागले की केंद्राचे अंतर मिळते. व्यास २४० आणि खोली ४० सेंटिमीटर असेल तर एलएनबीचे तोंड तबकडीच्या तळापासून ९० सेंटिमीटरवर यायला हवे. पाकळ्या जोडताना एखादी पाकळी पिरगळली तर हे गणित बरोबर असूनही संकेत क्षीण येतो. अशा वेळी दोन दोऱ्या एकमेकींना छेदून ताणाव्यात. त्या मध्यावर एकमेकींना टेकल्या नाहीत तर वाकडेपणा कुठे आहे हे डोळ्यांना दिसते.

एलएनबी हा संकेत वाढवतो आणि केबलमधून वाहू शकेल अशा खालच्या वारंवारतेवर आणतो. सी पट्ट्यात त्याची स्थानिक वारंवारता ५,१५० मेगाहर्ट्झ असते; ४,००० मेगाहर्ट्झचा संकेत त्यातून वजा होऊन ११५० मेगाहर्ट्झवर रिसीव्हरकडे येतो. केयूच्या सार्वत्रिक एलएनबीत ९,७५० आणि १०,६०० अशा दोन स्थानिक वारंवारता असतात आणि रिसीव्हर २२ किलोहर्ट्झचा स्वर पाठवून त्यांतील वरची निवडतो. त्याच केबलमधून १३ व्होल्ट दिल्यास उभे आणि १८ व्होल्ट दिल्यास आडवे ध्रुवण, म्हणजे तरंगांच्या कंपनाची दिशा, मिळते. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात, बाजूला असलेल्या उपग्रहाचे हे उभे-आडवे आपल्या दृष्टीने बरेच तिरपे येते, त्यामुळे एलएनबी आपल्या अक्षाभोवती फिरवून जुळवावा लागतो. नवशिके हे काम हटकून विसरतात.

रिसीव्हरच्या पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात. ‘स्ट्रेंथ’ची पट्टी एलएनबीला वीज मिळाली की उपग्रह नसतानाही अर्ध्यावर चढते, कारण ती गोंगाटही मोजते, विश्वास ठेवायचा तो ‘क्वालिटी’च्या पट्टीवर. रिसीव्हरमध्ये अपेक्षित उपग्रहावरील एखाद्या बलवान ट्रान्सपाँडरची वारंवारता, ध्रुवण आणि सिंबॉल रेट (डिजिटल संकेताचा वेग) भरावा, उंचीचा कोन ठरवून ठेवावा आणि तबकडी बोटभर सरकवून प्रत्येक वेळी काही क्षण थांबावे. डिजिटल रिसीव्हरला संकेत पकडायला वेळ लागतो आणि घाईने फिरवणाऱ्याच्या हातून उपग्रह सहज निसटतो. डीव्हीबी-एस२ या नव्या प्रक्षेपण पद्धतीची वाहिनी जुन्या डीव्हीबी-एस रिसीव्हरवर कितीही नेम साधला तरी उलगडत नाही. कुलूपबंद वाहिन्यांसाठी अधिकृत कार्ड आणि वर्गणी लागते. बाजारात खुलेआम मिळणारी तोडलेली सॉफ्टवेअरे वापरणे हा गुन्हा आहे.

परभाषी वाहिन्यांसाठी तबकडी लावण्याची प्रथा सर्वांत ठळकपणे दिसली ती पश्चिम युरोपातील स्थलांतरितांच्या वस्त्यांत. ऑगस्ट १९९४ मध्ये तुर्कसॅट-१बी ४२ अंश पूर्व येथे गेला आणि त्याचा झोत मध्य युरोपावरही पडू लागला. बर्लिनमध्ये जर्मन वाहिन्यांचा अ‍ॅस्ट्रा उपग्रह १९.२ अंशांवर असल्याने जवळजवळ दक्षिणेला, १७३ अंशांवर दिसतो, तर तुर्कसॅट १४५ अंशांवर, आग्नेयेला आणि अवघ्या २४ अंश उंचीवर असतो. एकाच इमारतीच्या सज्जांतील तबकड्या कोणीकडे वळल्या आहेत यावरून कोणत्या घरात तुर्की वाहिन्या लागतात हे रस्त्यावरून कळे. तिथे वापरल्या जाणाऱ्या ऑफसेट तबकड्यांचा एलएनबी खालच्या बाजूला असतो आणि तबकडीचे तोंड दिसते त्यापेक्षा वीसेक अंश वर पाहत असते. म्हणून तुर्कसॅटला लावलेली तबकडी भिंतीसारखी उभी भासते. अ‍ॅस्ट्रा आणि १३ अंशांवरील हॉट बर्ड हे शेजारी एकाच तबकडीवर दोन एलएनबी लावून घेता येतात. ४२ आणि १९.२ यांतील अंतर मात्र त्यासाठी फार मोठे असल्याने दुसरी तबकडी किंवा मोटर लागते.

घरमालकांना हे आवडले नाही. इमारतीची शोभा जाते या कारणावरून झालेल्या वादात जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९४ रोजी असा निर्णय दिला की, सर्वांना उपलब्ध असलेल्या स्रोतांतून माहिती मिळवण्याचा हक्क परकीय भाडेकरूलाही आहे आणि आपल्या देशाच्या वाहिन्या पाहण्याची त्याची गरज तोलताना ध्यानात घ्यावी लागते. स्टॉकहोमजवळच्या रिंकेबी येथे तबकडी काढण्यास नकार दिला म्हणून घर सोडावे लागलेल्या इराकी मूळच्या कुटुंबाच्या बाजूने युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००८ मध्ये निकाल दिला. दुसऱ्या टोकाला इराणने १९९५ मध्ये कायद्याने खासगी तबकड्यांवरच बंदी घातली. भारत सरकारनेही १९९७ मध्ये ४,८०० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यातील थेट-घरी सेवा रोखली होती. ती वाट २००० मध्ये मोकळी झाली. भारतातील गृहनिर्माण संस्थांत हा प्रश्न बहुधा गच्चीच्या मालकीपुरता उरतो आणि सर्वसाधारण सभेतच, आवाज चढवून, सोडवला जातो.

बसवलेली तबकडी काही ठरावीक कारणांनी अधूनमधून मुकी होते. जोरदार पावसात केयू संकेत गळतो, सी पट्ट्याला त्याचा फारसा त्रास होत नाही. वर्षातून दोनदा काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या रेडिओ गोंगाटात चित्र काही मिनिटे बुडते. मुंबई-गोव्यात हे मार्चच्या मध्याच्या सुमारास आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या आरंभी घडते. त्या मिनिटांत गोल तबकडीवर एलएनबीची सावली बरोबर मध्यभागी पडते आणि नेम तपासण्याची याहून चांगली फुकट सोय नाही. २०२२ च्या लिलावात ३,३०० ते ३,६७० मेगाहर्ट्झचा पट्टा ५जी सेवेसाठी दिला गेल्यापासून मात्र एक नवा व्यत्यय आला आहे. जुने सी पट्टा एलएनबी ३,४०० पासून पुढचे सर्व काही आत घेत असल्याने जवळच्या मनोऱ्याचा प्रबळ संकेत त्यांना झाकोळून टाकतो. अशा ठिकाणी ३,७०० मेगाहर्ट्झच्या खालचे अडवणारी चाळणी एलएनबी आणि त्याच्या तोंडाशी संकेत गोळा करणारा कर्णा (फीडहॉर्न) यांच्यामध्ये बसवावी लागते. ती केबलच्या रिसीव्हरकडच्या टोकाला लावून उपयोग होत नाही, कारण तोवर एलएनबी आधीच तुंबलेला असतो.