व्रणावरचं लेसर आणि ऊन: आम्ही तारीख पुढे का ढकलतो

लेसरच्या सिटिंगच्या दिवशी उन्हाने काळवंडलेला चेहरा पाहून आम्ही ‘आज नको, चार आठवड्यांनी या’ म्हणतो, तेव्हा तुमची नाराजी आम्हाला कळते. मुद्दाम सुट्टी काढून आलेल्या माणसाला परत पाठवणं आम्हालाही जड जातं. म्हणून कारण एकदा नीट लिहून देतो.

व्रणाचा लालसरपणा घालवायला ५९५ नॅनोमीटरचं पल्स्ड डाय लेसर वापरतात. त्याचं लक्ष्य रक्तातलं हिमोग्लोबिन. पण वाटेत मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, लागतं. उन्हाने काळवंडलेल्या त्वचेत ते जास्त असल्यामुळे ऊर्जा वरच्याच थरात अडते आणि फोड येऊ शकतो. मुरुमांच्या खड्ड्यांसाठीचं फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसर मेलॅनिनला नाही, पेशींतल्या पाण्याला तापवतं. मग तिथे ऊन लागलेलं चालेल ना, असं पुष्कळ जण विचारतात. नाही चालत. उन्हाने रंगपेशी आधीच जाग्या झालेल्या असतात. त्यात लेसरची उष्णता पडली की खड्डा थोडा भरतो, पण त्यावर काळा डाग उमटतो. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेला हा धोका अधिक. असा डाग फिकट व्हायला कित्येक महिने जातात आणि तोवर पुढची सिटिंग अडून राहते. त्यापुढे चार आठवडे काहीच नाहीत.

सनस्क्रीन ‘लावतो’ म्हणणारे बहुतेक जण फारच थोडं लावतात. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं घ्या, एसपीएफ ३० किंवा जास्त, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. गाडीच्या खिडकीशी बसणाऱ्यांनीसुद्धा, कारण काचेतून यूव्हीए किरण आत येतात. लेसरनंतर जखम भरेपर्यंत मात्र टोपी, छत्री आणि सावली. सनस्क्रीन कधी सुरू करायचं ते आम्ही सांगू. चेहऱ्यावर वाळूसारखे बारीक कण दिसतील, ते साधारण आठवड्यात आपोआप गळतात. नखाने काढू नका.

आणि पंधरा दिवसांत आरशापुढे निकाल लावू नका. नवं कोलॅजन, म्हणजे त्वचेला आधार देणारं प्रथिन, तयार होण्याचं काम तीन ते सहा महिने आतल्या आत चालू असतं. व्रण पूर्ण पुसला जात नाही, तो उथळ आणि मऊ होतो. म्हणूनच आम्ही पहिल्या दिवशी एकाच उजेडात फोटो काढून ठेवतो.

प्रत्येक व्रणाला लेसर लागतंच असंही नाही. जखमेच्या सीमेबाहेर वाढणाऱ्या केलॉइडला आधी ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. जखम बंद झालेल्या ताज्या, उंचावलेल्या व्रणाला सिलिकॉनची पट्टी किंवा जेल. पट्टी दिवसातले बारा तास तरी हवी, तीही दोन-तीन महिने. अरुंद खोल खड्ड्यांत टीसीए या आम्लाचा थेंब, आणि काळा डाग पडण्याची भीती जास्त असेल तिथे मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुयांनी त्वचा टोचणं. कमी खर्चात काम होत असेल तर आम्ही तेच सुचवतो. त्यासाठी व्रण एकदा प्रत्यक्ष दाखवावा लागतो.

येताना चालू औषधांची यादी आणा, मुरुमांच्या गोळ्या विशेषतः. ओठांवर वारंवार ‘जर’ (पाणीदार फोड) उठत असेल तर तेही आधी सांगा. आणि सहलीहून किंवा शेतातल्या कामावरून चेहरा काळवंडून आला असेल, तर दोन दिवस आधी फोन करा. तारीख बदलून देऊ, त्याचे पैसे घेत नाही.