आत्याची सीडी आणि मिरजेचं जंक्शन

खानापूरच्या माझ्या आत्याची मागणी अगदी साधी होती. "सगळं एकाच सीडीत घालून दे की रे. बटण दाबलं की टीव्हीवर दिसाय पाहिजे, बास." आमच्याकडे गोल आणि चकचकीत दिसेल ती सीडीच. तिच्या घरात मात्र होता तो जुना डीव्हीडी प्लेअर.

'सगळं' म्हणजे चार वस्तू. पहिली, तिच्या १९९४ सालच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट. ती बेळगावात खडेबाजारातल्या एका स्टुडिओत नेऊन मी संगणकात उतरवून आणली होती. दुसरी, २००३ च्या वास्तुशांतीची व्हीसीडी. तिसरी, जात्यावर ओवी म्हणणाऱ्या आज्जीची ४० सेकंदांची क्लिप, २००९ मध्ये कुणीतरी साध्या फोनवर घेतलेली. आणि चौथी, नातवाची शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीतली मजा, अर्थातच मोबाइल उभा धरून टिपलेली. एकूण दोन तास चाळीस मिनिटं.

मी चारही वस्तूंच्या छोट्या एमपीफोर फाइली करून कोऱ्या डीव्हीडीवर कॉपी केल्या. संगणकावर सगळ्या चालल्या. खानापूरला प्लेअरने तबकडी थोडा वेळ घरघर फिरवली आणि 'नो डिस्क' असं जाहीर केलं. तबकडी तर त्याच्या पोटात होती! मग मी आणखी एक शहाणपणा केला: फाइलींच्या नावांमागचं 'एमपीफोर' खोडून तिथे 'व्हॉब' लिहिलं, कारण बाजारातल्या डीव्हीडींत तशा फाइली दिसतात. पुन्हा 'नो डिस्क'. आत्या म्हणाली, "राहू दे, चहा घे."

एमपीफोर, एव्हीआय, थ्रीजीपी, व्हॉब ही पोत्यांची नावं आहेत. पोत्यात माल कोणता, म्हणजे चित्र आणि आवाज कोणत्या पद्धतीने दाबून भरलेत, ते पोत्यावरून कळतंच असं नाही. ज्वारीच्या पोत्यावर 'तांदूळ' लिहून भात शिजत नाही. आजच्या फोनमधला माल बहुधा एच.२६४ किंवा त्यानंतरच्या पद्धतीचा असतो. एच.२६४ आली २००३ मध्ये. डीव्हीडी जपानच्या बाजारात आली नोव्हेंबर १९९६ मध्ये आणि तिचे नियम तेव्हाच पक्के झाले: चित्र एमपेग-२ पद्धतीचं (किंवा जुन्या एमपेग-१ चं), आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके, सेकंदाला २५ चित्रं, आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने, म्हणजे मोजमापं. प्लेअरमधली चिप एवढंच शिकून कारखान्यातून बाहेर पडली. संगणकाला नवी पद्धत शिकवता येते, या चिपला नाही.

बेळगावच्या जुन्या माणसांना हे एका वाक्यात समजतं, कारण त्यांनी मिरज बघितलंय. पुण्याहून मिरजेपर्यंत रूळ रुंद झाले, १६७६ मिलिमीटरचे. पण मिरजेपासून बेळगाव, लोंढ्याकडे १९९० च्या दशकापर्यंत मीटरगेजच होतं, म्हणजे रुळांत बरोबर एक मीटर अंतर. मीटरगेजचा डबा ब्रॉडगेजच्या गाडीला जोडता येत नाही, मग डब्यावर कोणताही रंग द्या. ट्रंका, वळकट्या, पोरं, सगळं घेऊन उतरायचं आणि दुसऱ्या गाडीत बसायचं. मालाचंही तेच: इकडच्या वाघिणीतून पोती काढून तिकडच्या वाघिणीत. प्रत्येक वेळी चार दाणे फलाटावर सांडायचे.

वेगवेगळे व्हिडिओ एका डीव्हीडीवर आणणं म्हणजे हा मिरजेचा कारभार आहे. जुळवाजुळवीचं काम थोडं, उतरवून पुन्हा भरण्याचं फार. आणि दाणे इथेही सांडतात.

का सांडतात ते बघण्यासारखं आहे. पालचं एक चित्र म्हणजे ४,१४,७२० ठिपके. सेकंदाला २५ चित्रं आणि एका ठिपक्याला सरासरी १२ बिट (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक) धरले, तर सेकंदाला साधारण १२.४ कोटी बिट होतात. साध्या डीव्हीडीत मावतात ४.७ अब्ज बाइट, म्हणजे आठ बिटांचा एक बाइट या हिशोबाने ३७.६ अब्ज बिट. भागून बघा: जेमतेम पाच मिनिटं! मंगलाष्टकंसुद्धा पुरी होणार नाहीत. म्हणून चित्र दाबावं लागतं, आणि त्या दाबण्याच्या मुळाशी एक कन्नडिग माणूस आहे, निदान जन्माने कर्नाटकातला. नासिर अहमद यांचा जन्म १९४० चा, बंगळूरचा. १९७२ मध्ये त्यांनी एका गणिती कल्पनेसाठी अमेरिकेतल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले. कल्पना फारच सोपी वाटल्याने ते मिळाले नाहीत. तरी त्यांनी काम सोडलं नाही, आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला: डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म.

त्याचा अर्थ असा. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनातले ६४ आकडे जसेच्या तसे न लिहिता, 'यात सपाट रंग किती, हळू बदलणारी छटा किती, बारीक नक्षी किती' असे ६४ आकडे लिहायचे. भिंत, मांडवाचा पडदा, शालू यांच्या बहुतेक चौकोनांत बारीक नक्षीचे आकडे शून्याच्या जवळ येतात. ते टाकून दिले तर डोळ्याला फारसं कळत नाही. शिवाय लागोपाठच्या चित्रांत फरक थोडा असतो, म्हणून पूर्ण चित्र अधूनमधूनच ठेवायचं आणि बाकीच्या वेळी 'कोण कुठे सरकलं' एवढंच नोंदवायचं. पालच्या डीव्हीडीत दर १५ चित्रांच्या आत एक तरी पूर्ण चित्र लागतं.

हे सगळं शहाणपण अक्षता पडतात तिथे संपतं. भटजी अर्धा तास एका जागी बसलेले असतात तेव्हा बिट पडून राहतात. आणि 'शुभमंगल सावधान' झालं की शेकडो तांदूळ एकदम हवेत, प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेने, पुढच्या चित्रात आणखी कुठे. मागच्या चित्रावरून काहीच ओळखता येत नाही. बिट अपुरे पडले की नवरा-नवरीच्या चेहऱ्यावर चौकोन उमटतात, नेमके ज्या क्षणासाठी कॅसेट जपून ठेवली त्याच क्षणी.

हिशोब मांडला. दोन तास चाळीस मिनिटं म्हणजे ९६०० सेकंद, ३७.६ अब्ज बिट त्यांना वाटले तर सेकंदाला ३९ लाखांच्या आसपास. आवाजाचे दोन लाख आणि वरखर्च काढून चित्राला उरले ३६ लाख. डीव्हीडीवर चित्राला सेकंदाला जास्तीत जास्त ९८ लाख चालतात, म्हणजे आमची ताणाताणच होती. उपाय एकच: दोन फेऱ्यांत दाबणं. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर सगळं नुसतं बघून कुठे किती लागणार ते टिपून ठेवतं; दुसऱ्या फेरीत भटजींच्या वाट्याचे बिट काढून अक्षतांना देतं. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. रात्रभर संगणक चालू ठेवला.

सकाळी बघतो तर अक्षता पडत नव्हत्या, थरथरत होत्या. दाणा एक पाऊल पुढे, एक मागे, पुन्हा पुढे. मांडवात वारं शिरल्यासारखं. जुन्या टीव्हीच्या काळात एक चित्र दोन हप्त्यांत येत असे: आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या ओळी. सेकंदाला २५ चित्रं, पण हप्ते ५०. स्टुडिओने कॅसेट डीव्ही नावाच्या डिजिटल पद्धतीत उतरवली होती आणि तिच्यात खालच्या ओळींचा हप्ता आधी येतो. मी तयार करताना खूण केली होती वरच्या ओळी आधी, जी पालच्या डीव्हीडीत नेहमीची असते. म्हणजे नंतरचा क्षण आधी दिसायचा आणि आधीचा नंतर. बसलेल्या भटजींच्या अंगावर हे कळतच नाही. हलणाऱ्या वस्तूवरच कळतं. एक खूण बदलली, आणखी एक रात्र गेली.

व्हीसीडीने मात्र सुखद धक्का दिला. तिचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, एमपेग-१ चं, आणि डीव्हीडीला ते तसंच चालतं. फक्त आवाजाचे नमुने ४४,१०० वरून ४८,००० वर न्यावे लागले. मिरजेला गाडी तीच, हमालाला फक्त एक ट्रंक.

आज्जीच्या ओवीचं काय करायचं यावर मी बराच वेळ घालवला. १७६ बाय १४४ ठिपके, म्हणजे डीव्हीडीच्या चित्राच्या सोळाव्या हिश्श्याहून थोडं कमीच. आवाजाचे नमुने सेकंदाला ८,०००. पूर्ण पडद्यावर ताणलं की आज्जीच्या जागी करडे ढग दिसतात. जे टिपलंच गेलं नाही ते ताणून येत नाही. शेवटी दुप्पट करून मधोमध ठेवलं, भोवती काळी चौकट. फोटो फ्रेममध्ये लावल्यासारखं दिसतं. जात्याची घरघर मात्र चांगली ऐकू येते.

उभ्या व्हिडिओवर माझा राग आहे, तो इथे काढतो. आडव्या टीव्हीवर उभं चित्र बसवलं की पडद्याचा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भाग भरतो, बाकी काळोख. त्यात फोन सेकंदाला ३० चित्रं घेतो, डीव्हीडीला हवीत २५. प्रत्येक सेकंदाला पाच चित्रं गाळायची. आणि अंधार पडला की फोन आपल्या मर्जीने चित्रांचा वेग कमी करतो. मिरवणूक रात्रीची. आधी वेग एकसारखा करून घेतला नाही तर ढोल दिसतो एका क्षणी आणि वाजतो दुसऱ्या.

मग शेवटचं काम, डीव्हीडीचा सांगाडा. 'व्हिडिओ टीएस' नावाच्या फोल्डरात जास्तीत जास्त एक-एक जीबीचे व्हॉब तुकडे, सोबत कुठे काय आहे ते सांगणाऱ्या छोट्या फाइली आणि त्या खराब झाल्या तर त्यांच्या जोडप्रती. प्लेअर आधी हीच यादी शोधतो. माझ्या पहिल्या तबकडीत ती नव्हती, म्हणून 'नो डिस्क'. चौकोनी आणि रुंद पडद्याची चित्रं फाइलींच्या एकाच संचात चालत नाहीत, म्हणून मिरवणूक वेगळ्या संचात टाकली आणि वर मेनू केला. डीव्हीडीस्टाइलर हे मोफत सॉफ्टवेअर हे सगळं बांधून देतं. तबकडीवर लिहिताना वेग चौपट ठेवला. वर कागदाचं लेबल चिकटवलं नाही, कारण त्याने तबकडीचा तोल जातो. मार्करने नाव लिहिलं.

खानापूरला प्लेअरने या वेळी घरघर थोडीच केली. मेनू आला. आत्याने सगळ्यात आधी आज्जी लावली, मग लग्न. अक्षता पडल्या, सरळ खाली पडल्या. मामा म्हणाले, "बघ की, माझे केस."

रात्री निपाणीहून आत्याच्या जावेचा फोन आला. तिलाही पाहिजे. पण तिच्याकडे प्लेअर नाही. "मोबाइलवरच पाठव की." आत्याने ती नवी तबकडी माझ्या हातात दिली. मी ती परत कपाटात ठेवली. तिच्यावरून पुन्हा एमपीफोर करायचं म्हणजे तोच माल मिरजेला दुसऱ्यांदा उतरवायचा. स्टुडिओतून आणलेली मूळ फाइल बेळगावला हार्ड डिस्कवर आहे, आणि ती मी अजून पुसलेली नाही.