‘अराउंड द कॉर्नर’ आणि ‘तोंडावर’ : पार्श्वभूमी

खान्देशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. ‘आखाजी इज जस्ट अराउंड द कॉर्नर’, म्हणजे आखाजी अगदी जवळ आली आहे, याचे शब्दशः मराठी ‘आखाजी कोपऱ्यावर आहे’ असे केले, तर खान्देशातल्या वाचकाला पानटपरीची जागा सांगितल्यासारखे वाटेल. सालदाराचा, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याचा, नवा करार आखाजीला ठरतो, सासुरवाशिणी माहेरी येतात. म्हणून इथे ‘आखाजी तोंडावर आली’ असेच म्हटले जाते आणि त्यात उरकायच्या कामांची धास्तीही असते.

‘कॉर्नर’ हा शब्द लॅटिनमधील शिंगवाचक ‘कोर्नू’वरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, संस्कृत ‘शृंग’ त्याचा दूरचा भाऊबंद. याहून मागे जाण्यात फारसे हशील नाही. खरा गुंता १९२९च्या शेअर बाजार कोसळण्यानंतर झाला. भरभराट कोपऱ्यापलीकडेच आहे, हे वाक्य तत्कालीन अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या नावावर चिकटले आणि मंदी लांबत गेली तशी त्याची टिंगल झाली. नेमक्या त्याच शब्दांत ते बोलल्याचा भक्कम आधार नाही. मे १९३०मध्ये त्यांनी सर्वांत वाईट काळ मागे पडल्याची ग्वाही दिली होती. इंग्रजीत त्या भावनेसाठी ‘टर्न द कॉर्नर’ हा वेगळा वाक्प्रचार आहे: त्यात माणूस कोपरा वळून पुढे गेलेला असतो, तर ‘अराउंड द कॉर्नर’मध्ये येणारी गोष्ट कोपऱ्याआड दडलेली असते. लोकस्मृतीने अध्यक्षांना एका कोपऱ्याऐवजी दुसऱ्या कोपऱ्यावर उभे केले, असे म्हणण्याचा मोह होतो.

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी शिकवण्याचा निर्णय झाला, तेव्हा वाद मातृभाषेच्या भवितव्यावर रंगला. वाक्प्रचार कसे शिकवायचे, हा प्रश्न बाजूलाच राहिला. ‘अराउंड द कॉर्नर म्हणजे लवकरच’ एवढे पाठ केलेला विद्यार्थी ‘मी लवकरच येतो’ याचे ‘आय ॲम अराउंड द कॉर्नर’ करतो आणि ऐकणारा तो नाक्यावर उभा आहे असे समजतो. येऊ घातलेल्या काळाविषयी बोलताना या वाक्प्रचाराचा कर्ता बहुधा परीक्षा, सण, निवडणूक, पाऊस असा असतो, क्रियापद ‘असणे’चे असते आणि आधी ‘जस्ट’ किंवा ‘राइट’ सहज बसते. ब्रिटिश वळणात ‘अराउंड’ऐवजी ‘राउंड’ येते.

‘तोंडावर’ हा त्याचा सर्वांत जवळचा मराठी पर्याय मानला, तरी दोहोंतील चित्र उलटे आहे: इंग्रजीत गोष्ट दिसत नाही, मराठीत ती समोर येऊन ठाकते. म्हणूनच ‘पाऊस तोंडावर आला आणि घर शाकारायचे राहिले’ यातील लगबग इंग्रजी वाक्यात आपोआप उतरत नाही, ती वेगळी सांगावी लागते. ‘उंबरठ्यावर’ हा शब्द तर दिशाच बदलतो, कारण ‘ते निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत’ या वाक्यात निवृत्ती जागेवर असते आणि चालत येतो तो माणूस.