म्हातारपणी अंगावर येणारे फोड : गोळीकडून मलमाकडे

साधारण सत्तरीनंतर आधी काही आठवडे नुसती खाज सुटते, मग अंगावर टच्च भरलेले, सहज न फुटणारे फोड येऊ लागतात. हा आजार म्हणजे बुलस पेम्फिगॉइड. शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेच्या वरच्या थराला खालच्या थराशी बांधून ठेवणाऱ्या प्रथिनांवर उलटते आणि दोन थरांच्या मध्ये पाणी साठते.

1953पर्यंत याला वेगळं नाव नव्हतं. असे सगळे फोड ‘पेम्फिगस’ या एकाच नावाखाली जात, आणि स्टेरॉइड येण्यापूर्वी पेम्फिगस बहुतेक वेळा जिवावर बेते. त्वचारोगतज्ज्ञ वॉल्टर लिव्हर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली फरक दाखवला : पेम्फिगसमध्ये वरच्या थरातल्या पेशीच एकमेकींपासून सुटतात, इथे अख्खा थर खालून उचलला जातो. 1960च्या दशकात बॉयटनर आणि जॉर्डन यांना रुग्णांच्या रक्तात या जोडणीवर हल्ला करणारी प्रतिपिंडं सापडली, तेव्हा कारणही कळलं.

उपचार मात्र बराच काळ एकच राहिला : प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या, त्याही भरपूर. फोड जात, पण ऐंशीच्या घरातल्या माणसाची साखर वाढे, हाडं ठिसूळ होत, जंतुसंसर्ग गाठे. मृत्यू झाला की दोष बहुधा वयाला किंवा आजाराला दिला जाई. औषधाकडे बोट दाखवायला फार उशीर झाला, असं मला वाटतं.

ते बोट 2002मध्ये फ्रान्समधल्या चाचणीने दाखवलं. पास्काल जोली आणि सहकाऱ्यांनी 341 रुग्णांपैकी काहींना गोळ्या दिल्या, तर काहींच्या अंगाला रोज 40 ग्रॅम क्लोबेटासॉल हे स्टेरॉइडचं मलम लावलं. आजार फार पसरलेल्यांमध्ये वर्षाअखेर मलमवाल्यांपैकी 76 टक्के जिवंत होते, गोळीवाल्यांपैकी 58 टक्के. नंतर 10 ते 30 ग्रॅमची सौम्य पद्धतही पुरेशी ठरली. अर्थात मलमही थोडंफार रक्तात उतरतं, त्वचा पातळ करतं. शिवाय एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या पाठीला ते रोज लावणार कोण, हा प्रश्न उरतोच.

ज्यांना मलम जमत नाही त्यांच्यासाठी 2017मध्ये ब्रिटन आणि जर्मनीतली चाचणी उपयोगी पडली. सहा आठवड्यांनी डॉक्सिसायक्लिन या जुन्या अँटिबायोटिकने 74 टक्के रुग्णांचे फोड आटोक्यात आले, प्रेडनिसोलोनने 91 टक्के. गंभीर दुष्परिणाम मात्र डॉक्सिसायक्लिनवर निम्मेच : 36 टक्क्यांऐवजी 18. थकलेल्या शरीरासाठी हा सौदा वाईट नाही. जून 2025मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने डुपिलुमॅब या इंजेक्शनलाही या आजारासाठी मान्यता दिली.

दरम्यान एक सुगावा मधुमेहाच्या गोळ्यांतून लागला. ग्लिप्टिन गटातली औषधं, विशेषतः व्हिल्डाग्लिप्टिन, घेणाऱ्यांमध्ये हा आजार जास्त आढळतो, आणि ती बंद केल्यावर अनेकांचे फोड आटोक्यात आणणं सोपं जातं. त्यामुळे आता मधुमेही रुग्ण फोड घेऊन आला, की नवं औषध लिहिण्याआधी चालू गोळ्यांची यादी पाहिली जाते.