रुळाखालचा पाईप: एकदाचं वजन की रोजचे हेलकावे?

रेल्वे रुळाखालून गॅसची किंवा तेलाची स्टीलची पाईपलाईन जाते असं म्हटलं की कुणीही पहिल्यांदा हेच विचारतं, वरून एवढी मालगाडी गेली तर पाईप चेपणार नाही का? प्रश्न बरोबर आहे, पण मला सारखं वाटतं की त्याच्या पुढचा प्रश्न, रोजच्या गाड्यांचा दाब येऊन-जाऊन पाईप थकेल का, हा जास्त महत्त्वाचा आहे आणि तो फार कमी लोक विचारतात.

आधी वजनाचं बघू. अमेरिकेत डिझाईनसाठी कूपर ई-८० नावाचं लोडिंग धरतात. थिओडोर कूपर या इंजिनिअरने १९व्या शतकाच्या शेवटी वाफेच्या इंजिनांवरून ही पद्धत बसवली. ई-८० म्हणजे एका ॲक्सलवर (चाकांच्या एका जोडीवर) ८०,००० पौंड, साधारण ३६ टन. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या ११०२ नंबरच्या नियमावलीत असे चार ॲक्सल २० बाय ८ फुटांच्या जागेवर पसरलेत असं धरतात, म्हणजे दाब येतो १३.९ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), आपल्या भाषेत दर चौरस सेंटीमीटरला जेमतेम १ किलो. धावत्या गाडीचे धक्के म्हणून त्याला १.७५ ने गुणायचं, आणि पाईप ५ फुटांहून खोल असेल तर दर फुटाला ०.०३ कमी करत जायचं.

आता पाईपच्या आत बघा. मोठ्या गॅस लाईनमध्ये ७० किलोचा दाब अगदी नेहमीचा. मग वरच्या एक-दीड किलोची एवढी काळजी कशाला?

कारण आतला दाब सगळ्या बाजूंनी सारखा असतो, पाईप गोलच राहतो, पत्रा फक्त ताणला जातो. गाडीचा दाब येतो वरून, त्याने पाईप किंचित लंबगोल होतो, पत्रा वाकतो, आणि पातळ पत्र्याला ताणापेक्षा वाकणं जड जातं. बाजूची माती घट्ट असेल तर ती पाईपला कुशीत धरून ठेवते, अमेरिकेतल्या आयोवाच्या स्पँग्लर या इंजिनिअरने १९४१ मध्ये हेच गणितात मांडलं, आणि माती भुसभुशीत असेल तर पाईप एकटा पडतो. दुसरी गोष्ट म्हणजे गाडीचा दाब येतो आणि जातो, पुन्हा येतो, पुन्हा जातो. समजा १०० वाघिणींची गाडी, प्रत्येक वाघिणीमागे एक हेलकावा, दिवसाला २० गाड्या, तर दिवसाचे २,००० हेलकावे झाले, म्हणजे २० लाख व्हायला ३ वर्षंसुद्धा लागत नाहीत! तार वाकवत राहिलं की शेवटी तुटते तसंच हे, याला फटीग म्हणतात, आणि याचा घाव बसतो तो पाईपच्या दोन तुकड्यांना जोडणाऱ्या गोल वेल्डवर.

म्हणून निकष दोन हवेत, एक सगळे ताण मिळून स्टील कायमचं वाकेल का याचा आणि दुसरा वेल्ड थकेल का याचा. ११०२ मध्ये गोल वेल्डसाठी हेलकाव्याच्या ताणाची मर्यादा १२,००० पीएसआय धरलीय, तीसुद्धा सुरक्षेसाठी धरलेल्या डिझाईन फॅक्टरने आणखी कमी करायची, आणि महत्त्वाचं म्हणजे स्टीलचा ग्रेड कुठलाही असो, मर्यादा तीच. एक्स-५२ ग्रेडच्या स्टीलची ताकद ५२,००० पीएसआय, तिच्या पाव भागाहूनही ही कमी. त्यामुळे भारी ग्रेडचं स्टील घेतलं आणि ताकद वाढली म्हणून पत्रा पातळ केला तर आतल्या दाबाचं गणित सुटतं पण फटीगचं बिघडतं. पैसे वाचवायच्या नादात ही चूक सहज होऊ शकते.

हे आकडे नुसते कागदावरचे नाहीत. कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी कोलोरॅडोत पुएब्लोच्या रेल्वे चाचणी केंद्रात, जिथे अवजड गाड्या सतत गोल फिरवतात त्या ट्रॅकखाली, १२ आणि ३६ इंची पाईप केसिंगशिवाय, म्हणजे बाहेरच्या संरक्षक पाईपशिवाय, घालून ताण मोजले, आणि ११०२च्या १९९३च्या आवृत्तीत नियम त्यावरून बदलले.

केसिंग हा बाहेरून घातलेला मोठा पाईप. वजन तो घेतो, आतला पाईप न खणता बदलता येतो, म्हणून रेल्वेवाले अजूनही बऱ्याचदा तोच मागतात. पण मधल्या पोकळीत पाणी शिरतं, आतला पाईप खाली बसून केसिंगला टेकला की गंज रोखायला दिलेला करंट त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही, आणि वरून काही दिसतही नाही. माती आणि वेल्ड नीट तपासलेले असतील तर माझं मत केसिंगशिवायच्या जाड पाईपला.

आणि वेल्ड कुठे येतो हे आधीच ठरवायचं. ट्रॅकच्या मध्यापासून ५ फुटांच्या पलीकडे असला तर ताण कमी धरता येतो. पाईपचा एक तुकडा साधारण १२ मीटरचा, त्यामुळे एका ट्रॅकखालून, अगदी दोन शेजारच्या ट्रॅकखालूनही जोड न देता जाता येतं. चार ट्रॅक असले की तेवढ्याने पुरत नाही, मग जोड दोन ट्रॅकच्या बरोबर मधे आणायचा, आणि त्यासाठी पाईप रुळाखालून आडवा ढकलायला सुरुवात करण्याआधीच तुकड्यांची लांबी मोजून कापून घ्यावी लागते.